रिटेक नसलेलं शूटिंग

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता आठवणीत एकमेकांत मिसळली आहेत. डिचोलीचे हे एक मात्र वेगळे राहिले. अजूनही रस्त्यात कुठे शूटिंग चाललेले दिसले की माझी नजर आधी ओरडणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे जाते.

तेव्हा मांद्र्याच्या किनाऱ्यावर एका हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. पेडणे आणि डिचोली, दोन्ही तालुक्यांत दुसरा विषय नव्हता. डिचोली ठाण्याला बदली होण्याआधी मी पेडण्यालाच होतो आणि त्या चित्रीकरणाच्या बंदोबस्तावर बरेच दिवस उभा राहिलो होतो. तिथला सहायक दिग्दर्शक बोलका होता. सीन आणि टेकचा क्रमांक लिहिलेली पाटी कॅमेऱ्यासमोर आपटतात तो क्लॅप, नटी पुढे सरकली की भिंग फिरवून चित्र स्पष्ट ठेवतो तो फोकस पुलर, असे तो समजावून सांगे. एकेक सीन दहादा घेताना बघून मी कंटाळून जायचो.

एका सकाळी बाजाराच्या टोकाला फुले विकणारी म्हातारी धापा टाकत ठाण्यात आली. मूळची सावंतवाडीकडची.

"सायबानू, माका भंय दिसता. ता शूटिंग नव्हता!"

"कसलं शूटिंग?"

"मास्तरणीक गाडयेत घातल्यानी. लोक टाळये वाजवी होते. पण एकदाच झाला आणि गाडी गेली ती गेलीच. शूटिंगात परत परत करतत मां? तिची चप्पल थयच पडली हा. न्हेवक कोण येवक नाय."

मी ठाणे अंमलदाराकडे पाहिले. त्याने स्टेशन डायरी चाळून मान हलवली. आमच्या हद्दीत चित्रीकरणाचा अर्जच आला नव्हता. आणि बाजारात सगळे मास्तरीण म्हणत ती शिक्षिका कोण, ते आम्हाला पक्के माहीत होते. खाणीच्या रस्त्यावर एका ट्रकमालकाच्या मुलाने एका मजुराला मुद्दाम चिरडले होते. ते पाहणारी ती एकटी, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात तिची साक्ष होती.

वायरलेसवरून नाकाबंदी सांगितली आणि जागेवर गेलो. माणसे अजून रेंगाळत होती. एकाने हौसेने सांगितले, "पोलीसही होता साहेब, गर्दी मागे सारत होता." आमचा एकही माणूस तिथे नव्हता. खाकी घातलेला तोतया उभा होता म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती.

कॅमेरा, ट्रायपॉड आणि उजेड पाडायचे पांढरे फलक टेम्पोत भरणारा एकजण तेवढा सापडला. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. "मी असिस्टंट डायरेक्टर. मॅडम मांद्र्याला हॉटेलवर गेल्या," म्हणाला. आवाजात जराही कंप नव्हता. क्षणभर मलाच वाटले, आपली चूक तर होत नाही ना?

ठाण्यात आणून चहा दिला. दरडावलेल्या माणसापेक्षा निवांत बसलेला माणूस जास्त चुकतो, हा माझा अनुभव.

"फोकस कोण सांभाळत होतं?"

"लाइटवाला."

"आणि क्लॅप कोणी दिला?"

तो हसला. "लोकांनीच दिला की साहेब. चांगला जोरात."

क्लॅप म्हणजे पाटी, टाळ्या नव्हेत, एवढेही त्याला ठाऊक नव्हते. हवालदाराने त्याचा कॅमेरा टेबलावर ठेवून उघडला. आत फिल्म नव्हती, यंत्र नव्हते; नुसता काळा रंगवलेला डबा. त्या माणसाने डब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कप खाली ठेवला.

मी म्हणालो, "आत्ता हे अपहरण आहे. तिचं काही बरंवाईट झालं तर खून. बाकीचे पळतील. हातात तू आहेस."

तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "बंद खाणीवरचं पंपघर. अंधार पडला की पाण्यात..."

ती खाण मला माहीत होती. लाल कडांच्या मधोमध हिरवे, अथांग पाणी. जीप लांब उभी करून आम्ही पायी निघालो. एकेक पाऊल टाकताना पाण्यात काही पडल्याचा आवाज येतो की काय, म्हणून कान तिकडेच होते. पंपघराबाहेर दोघे विडी ओढत बसले होते. त्यातल्या एकाच्या अंगावर अजून खाकी होती. त्यांना उठायलाही सवड मिळाली नाही.

आत ती बांधलेली होती. मला पाहून ती सुटकेने रडेल, असे मला वाटले होते. ती भिंतीत शिरायला बघत असल्यासारखी मागे सरकली. तोंडावरचे फडके काढताच म्हणाली, "तुम्हीपण त्यांचेच ना?"

मी ओळखपत्र दाखवले. तिने ते पाहिलेसुद्धा नाही. शेवटी आमचा हवालदार टोपी काढून तिच्यासमोर उकिडवा बसला. तो आमोण्याचा, तीही तिथलीच. "बाय, हांव आमोण्याचो. तुज्या बापायक वळखतां. चल, घरा वचूंया," तो म्हणाला. गावाचे नाव ऐकले तेव्हा कुठे तिने हात पुढे केला.

रात्रभर तिच्या घराला पहारा ठेवला. दुसऱ्या दिवशी ती साक्षीला उभी राहिली. आवाज बसलेला होता, पण एकही प्रश्न तिने टाळला नाही. आरोपीला शिक्षा झाली, पळवणाऱ्यांनाही झाली.

तिचा जबाब मीच लिहून घेतला होता. सर्वांत जास्त भीती केव्हा वाटली, असे विचारले तेव्हा खाणीचे पाणी किंवा गाडीत गळ्याला लावलेला सुरा यांपैकी काहीच तिने सांगितले नाही.

"मी ओळखीच्या माणसांची नावं घेऊन ओरडत होते," ती म्हणाली. "आणि ती माणसं एकमेकांना सांगत होती, बघ, कसं खरं काम करते."

गुन्हेगार अंधार शोधतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. मला या प्रकरणाने शिकवले की भर उजेडात, शंभर माणसांसमोरही माणूस नाहीसा होऊ शकतो. कुणी ओरडले तर जवळ जाऊन विचारावे. खोटे निघाले तर चार लोक हसतील, एवढेच. त्या दिवशी डिचोलीत एका म्हातारीने ते हसे पत्करले, म्हणून एक बाई घरी गेली.