कॅमेऱ्यातला जास्तीचा तास

सिंगापूरमध्ये घड्याळ कधीच पुढं-मागं करत नाहीत. बारा महिने सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. त्यात काय पुढं करणार नि काय मागं? जी गोष्ट या देशात नाहीच, तिच्यापायी माझी रवानगी गावाला व्हायची वेळ आली होती. इतकी वर्षं झाली, तरी तो राग काही जात नाही.

मी कराडकडची. सातवीनंतर शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि घरात माझ्यामागची तीन भावंडं होती. पुढं नवरा गेला, पुण्यात स्वयंपाकाची कामं धरली, आणि ज्या आजींकडे पोळ्या करायची त्यांनीच मला सिंगापूरला त्यांच्या मुलाकडे पाठवलं. त्यांची चार वर्षांची नात सांभाळायची आणि घर बघायचं. बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत, म्हणजे बाग-बिग असलेल्या मोठ्या सोसायटीत, अकराव्या मजल्यावर फ्लॅट होता. सुनेला मी ताई म्हणायची, मुलाला दादा. दोघंही माझ्याहून लहान, पण पोटासाठी आलेल्या माणसानं वय काढायचं नसतं. ते मला मावशी म्हणायचे.

त्या घरानं माझं भलंच केलं. आल्या आल्या माझी दाढ सुजली, तर दादा स्वतः सुट्टी काढून मला दवाखान्यात घेऊन गेले. ताईंनी कार्ड हातात देऊन एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कसं चढायचं, कुठं उतरायचं ते दोनदा बरोबर येऊन शिकवलं. जे ते जेवायचे तेच मी जेवायची. कॉन्डोच्या बागेत फिलिपिनो आणि इंडोनेशियन बायका पोरांना घेऊन बसायच्या. त्यांच्या घरांतल्या गोष्टी ऐकल्या की मी वर येऊन देवाला हात जोडायची. घरात मराठी बोलायला मिळत होतं, हेच मला केवढं वाटायचं! पण त्या उपकाराची भीतीही वाटायची. काही चुकलं, हातून काही फुटलं, पोरीला शिंक आली, तरी मी आधी ताईंच्या चेहऱ्याकडे बघायची.

पुस्तकांच्या कपाटावर एक कॅमेरा होता. सिंगापूरला यायच्या आधी ते दोघं लंडनला राहत होते. तिथं मुलगी पाळण्यात असताना तिच्यावर लक्ष ठेवायला तो घेतलेला. ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, संशय म्हणून नाही हं. आमची आपली सवय." मी म्हटलं, असू दे की. दर शुक्रवारी त्याच्यावरची धूळ मीच पुसायची.

मला येऊन तीन महिने झाले होते. मार्च सरला होता. एका गुरुवारी ताई संध्याकाळी ऑफिसातून आल्या आणि त्यांना पोरीचा गुडघा खरचटलेला दिसला.

"मावशी, हे कशानं?"

"शाळेत पडली म्हणाली. मी धुऊन औषध लावलंय."

"शाळेनं तर काही कळवलं नाही."

 शाळा मला थोडीच कळवणार होती? ताई लॅपटॉप घेऊन बसल्या, कॅमेऱ्यातलं छोटं कार्ड काढून त्याला लावलं. मी पोळ्या लाटत होते. थोड्या वेळानं हाक आली.

"दुपारी किती वाजता वर आलात?"

"बस साडेबाराला आली. खाली झोपाळ्यावर दहा मिनिटं बसली ती, मग आलो वर."

"दहा मिनिटं?"

"हां. रडत होती ना गुडघ्यानं, म्हटलं जरा रमेल."

"कॅमेऱ्यात तुम्ही एक पन्नासला दार उघडताय, मावशी."

मला कळेचना. मी म्हटलं, नाही हो, पावणेएकच्या पुढं-मागं आलो. ताईंनी पोरीला जवळ ओढलं आणि इंग्रजीत विचारलं, मावशीबरोबर कुठं गेली होतीस?

"स्विंग लाह, मम्मा." वाक्याला 'लाह' जोडायची इथल्या लोकांची लकब तिनंही उचलली होती.

"लाँग टाइम?"

"लाँग लाँग टाइम!"

चार वर्षांच्या लेकराला झोपाळ्यावर दहा मिनिटं म्हणजे लाँगच! पण ताईंचा चेहरा पांढरा पडला. आई होती ती; तिच्या जागी मी असते तर माझाही पडला असता. एवढं मी आजही कबूल करते. पण तीन महिने मला अहो-जाहो करणारी ती बाई उभी राहिली आणि म्हणाली, "कुठं होतीस तू माझ्या मुलीला घेऊन? एक तास कुठं होतीस?"

दादा तेवढ्यात आले. त्यांनी शांतपणे बूट काढले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, खरं सांगून टाका. कॅमेरा कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे?"

मग मला काय मिळणार होतं? ते कुणी विचारलं नाही. मीही तेव्हा म्हटलं नाही. मी काय केलं? मी माफी मागितली! "चुकलं असेल माझं, ताई," असं म्हणाले मी. ते आठवलं की आजही माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना मला खरोखर वाटायला लागलं की आपलंच चुकलं असेल. मी झोपाळ्याजवळ त्या इंडोनेशियन बाईशी बोलत बसले होते का? ऊन लागून डोळा लागला होता का बाकावर? एक अख्खा तास माझ्या आयुष्यातून गेला आणि मला पत्ता नाही? मी सातवीची. तो कॅमेरा लंडनचा. मी कॅमेऱ्याचं खरं धरलं आणि स्वतःला खोटं. दुसऱ्यानं तुम्हाला खोटं ठरवलं तर सोसवतं. पण आपण आपल्यालाच खोटं ठरवायचं म्हणजे फार वाईट. त्यांनी माझ्याकडून तेही करून घेतलं.

मला न सांगता ताईंनी एजन्सीला फोन केला होता. ज्या एजन्सीनं माझं कामाचं परमिट काढलं, तिथली एक चिनी बाई शनिवारी सकाळी घरी आली. पन्नाशीची, केस कापलेली, हातात फाइल. मी चहा ठेवला तशी ती मला म्हणाली, "आंटी, सिट. टॉक अबाउट यू, सो यू सिट." त्या घरात जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या बरोबरीनं मी पहिल्यांदा बसले ती अशी.

ती फाइल उघडून बोलत होती, ताई मला मराठीत सांगत होत्या. मुलीला घेऊन न सांगता बाहेर राहिली, विचारल्यावर खोटं बोलली, अशी तक्रार. ती माझ्या कागदांत लागणार. मग दुसरं कुणी घ्यायला तयार झालं तर ठीक, नाहीतर परत. तीन महिन्यांत परत आलेल्या बाईला दुसरं कोण घेणार आणि कशाला?

"शो मी लाह," बाई म्हणाली. दादांनी लॅपटॉप फिरवला.

तोवर ते चित्र मी पाहिलंच नव्हतं, मला नुसतं सांगितलं होतं. दार उघडलं, पोरगी लंगडत आत आली, मागून मी तिचं दप्तर खांद्याला लावून. कोपऱ्यात आकडे: एक पन्नास. मी माझ्याकडेच बघत बसले. आल्या आल्या मी त्या पोरीचे बूट काढते, पाय पुसते, गुडघ्यावर फुंकर घालते, हेही त्यात दिसत होतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. सगळे कोपरा बघत होते.

तिथं माझं डोकं सणकलं. डोकं चालवून वगैरे नाही, निव्वळ रागानं मी म्हटलं, "माझंच का लावताय? तुमचंही लावा की. सकाळचं लावा. तुम्ही घरातून कशा जाता, पोरगी रडत असताना, तेही बघू दे या बाईला!"

"मावशी, त्याचा काय संबंध?" ताई म्हणाल्या.

"लावा म्हणते ना!"

त्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढवला. एजन्सीच्या बाईला मराठी कळत नव्हतं, पण तिनं बोटानं खूण केली, लावा. दादांनी त्याच गुरुवारची सकाळ लावली. ताई पर्स शोधतायत, तोंडात पोळीचा घास, दादा लिफ्टसाठी ओरडतायत. दार बंद. कोपऱ्यात आकडे: नऊ वीस.

"नऊ वीस कसे?" ताई म्हणाल्या. "मी नऊला रॅफल्स प्लेसला माझ्या डेस्कवर असते. आठ वीसला निघाल्याशिवाय पोचेन का मी?"

"उशीर झाला असेल त्या दिवशी," दादा म्हणाले.

"मला? अरे, नऊला मीटिंग घेतली मी! तूच तर होतास बरोबर."

दादांनी पुन्हा एकदा कोपऱ्यातले आकडे बघितले.  आणि ते कपाळावर हात मारून हसायला लागले. "अगं, समर टाइम! हा गधडा कॅमेरा अजून लंडनमध्येच आहे!"

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी खुशीत येऊन. लंडनला मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरात परत मागं आणतात. सिंगापूरला आल्यावर त्यांनी हातानं तास बदलले होते, पण उन्हाळ्यात तास आपोआप पुढं जायची सेटिंगमधली खूण तशीच राहिली होती. गेल्या रविवारी कॅमेऱ्यानं इमानेइतबारे तास पुढं केला. हा माणूस रॅफल्स प्लेसला बँकेच्या कॉम्प्युटरांची जगभरची घड्याळं जुळवण्याचा पगार घेत होता!

एजन्सीची बाई त्यांना म्हणाली, "सर, युअर कॅमेरा ऑल्सो नीड वर्क परमिट." ते दोघं खळखळून हसले. सुटल्यासारखे हसले. मी हसले नाही.

"चला, मिटलं," ताई म्हणाल्या. त्या पुन्हा 'तुम्ही'वर आल्या होत्या. "मावशी, चहा घ्या तुम्हीपण."

"घड्याळ नीट करा आधी."

दादा म्हणाले, "अहो, त्याला जुनी केबल लागते, पासवर्डही आठवत नाही. आणि कशाला? ऑक्टोबरात आपोआप बरोबर होईल ते. तोवर एक तास वजा करून बघायचं, झालं."

"कोण वजा करणार?"

"आम्ही. आता माहीत आहे ना आम्हाला."

"पुढच्या महिन्यात आजी येणारेत. त्यांना माहीत आहे? आणि तुम्ही तरी, पोरीला परत काही लागलं, डोकं तापलं, की वजा करायला थांबाल? गुरुवारी थांबलात? तुम्ही वजाबाकी विसरणार आणि विमानात मी बसणार!"

दादांचं हसू गेलं. ते आतून केबल घेऊन आले. पासवर्ड सापडायला पाऊण तास लागला. मी त्यांच्या खुर्चीमागं उभी होते. स्वयंपाक राहिला होता, पण मी हलले नाही. त्यांनी ती खूण काढली, तास मागं आणला, आणि कोपऱ्यातले आकडे भिंतीवरच्या घड्याळाशी जुळले.

एजन्सीची बाई फाइल मिटायला लागली. मी तिचा हात धरला आणि ताईंना म्हटलं, "माझ्या नावावर जे लिहिलंय, ते खोडायला सांगा. आणि तुमच्या हातानं लिहून द्या."

ताईंनी दोन ओळी लिहिल्या. मी म्हटलं, मराठीत सांगा काय लिहिलंत ते.

"वेळेबाबत घरात गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेत आहोत."

"गैरसमज कुणाचा?"

"म्हणजे... आपला. दोन्ही बाजूंनी."

"माझ्या बाजूनं कसला? मी वेळेवर होते. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं आणि ते न तपासता तक्रार केली. तसं लिहा."

ताईंनी दादांकडे बघितलं. दादा केबल गुंडाळत होते, त्यांनी मान वर केली नाही.  या लोकांनी मला दाढेसाठी दवाखान्यात नेलं, गाडीत चढायला शिकवलं, आणि मी यांना हे बोलतेय, असं एकीकडे वाटत होतं. पण मागं घ्यावंसं वाटत नव्हतं. ताईंनी पहिल्या दोन ओळींवर काट मारली आणि खाली मी सांगितलं तसं लिहिलं. एजन्सीच्या बाईनं ते वाचून माझ्याकडे बघितलं आणि पेन माझ्यापुढं केलं. सही करायच्या आधी मी तो इंग्रजी कागद ताईंकडून एकेक शब्द करत पुन्हा वाचून घेतला.