सामोसची जहाजं

पर्शियाविरुद्धचं ग्रीकांचं बंड फसलं, मिलेटस शहर जळालं आणि उरलेली माणसं कैदी झाली. कारण ऐन लढाईत सामोस बेटाची जहाजं शिडं उभारून घरी पळाली. बदल्यात त्यांची देवळं आणि घरं वाचली. त्या कैद्यांवर मी इथल्या माउंट रॉस्किल उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळासाठी झोकात एकांकिका लिहिली.

गणपतीच्या कार्यक्रमात वेळ कमी पडू लागला, तेव्हा एकांकिका ठेवायची की नाही यावर कमिटीत मतदान झालं. माझा जिवलग मित्र, नाटकातला दुसरा कैदी, माझ्या बाजूनं हात वर करणार होता. त्याचा हात मांडीवरच राहिला. एकांकिका गेली, त्याच्या बायकोचा नाच टिकला.

कार्यक्रमाला मी कैद्याच्या वेशात, मनगटं दोरीनं बांधून पहिल्या रांगेत बसलो. नाच संपल्यावर तो बटाटेवडा घेऊन आला.

"नाटकं पुरे. घे, गरम आहे."

"हात बांधलेत, सामोसकर."

"अरे, मला तिच्यासोबत एकाच घरात राहायचंय!"

"त्यांनाही घरंच वाचवायची होती."

मग त्यानं वडा मोडून मला भरवला. वडा फर्स्टक्लास होता. दोरीची गाठ मात्र मी त्याला सोडू दिली नाही.