उजव्या कोपऱ्यातला ठिपका

आधीच सांगते: टॉकीजच्या केबिनमध्ये मी कधी पाऊल ठेवलेलं नाही, आणि पुढचा एकही प्रसंग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. बाबा सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क होते. टॉकीज केव्हाच पाडली गेली; पण बाबा, बाल्कनीच्या डोअरकीपर कमलाबाई आणि प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर नामदेवराव आजही आमच्या हुडकेश्वरच्या घरी चहाला जमतात, आणि दर खेपेस किश्श्यांत एकाची भर पडते. ज्यांना तिघांपैकी दोघांनी वेगवेगळं विचारल्यावरही दुजोरा दिला, तेवढेच इथे घेतले आहेत. अपवाद एकच, शेवटचा.

०००

तेव्हा सिनेमा रिळांत यायचा आणि केबिनमध्ये दोन मशिनी असायच्या. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमके. तो दिसताच ऑपरेटरने दुसरी मशीन सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. तो आला की चित्र तिच्यावर न्यायचं. चुकलं, तर पडदा पांढरा!

नामदेवरावांना तो ठिपका दिसेनासा झाला होता.

हे पहिल्यांदा कळलं कमलाबाईंना. त्या चहा घेऊन केबिनच्या दाराशी गेल्या, तर नामदेवरावांचा हात कपाच्या वीतभर डावीकडे!

"काहून भाऊ, दिसत नाही काय तुमाले?"

"हळू बोल वं कमले! मालकाले कळलं तं उद्या माह्या जागी दुसरा बसन. जन्मभर हेच केलं, दुसरं काय येते मले?"

"अन् मंग ठिपका?"

"डायलॉग पाठ हाय ना!"

प्रत्येक रिळाचं शेवटचं वाक्य ते कानाने धरून ठेवत. आठवडाभरात अख्खा सिनेमा पाठ होई. प्रश्न शुक्रवारचा होता. त्या दिवशी सिनेमा नवा असे.

०००

बाल्कनीच्या दाराजवळ एक बटण होतं. चित्र अंधुक झालं की डोअरकीपरने ते दाबायचं. केबिनमध्ये घंटी वाजे आणि ऑपरेटर फोकस सुधारी. आता दर शुक्रवारी कमलाबाई पडद्याच्या कोपऱ्यावर नजर रोखून उभ्या राहू लागल्या. ठिपका आला, बटण! दुसरा आला, पुन्हा बटण!

उशिरा आलेला एक गृहस्थ अंधारात चाचपडत म्हणाला, "बाई, जरा टॉर्च मारून सीट दाखवता का?"

"बसा कुठंबी! ठिपका येऊन राहिला!"

एकदा मालकांनीच हटकलं, "पिक्चर तर काचेसारखी साफ आहे. मग घंटी कशाला वाजून राहिली?"

"साफच राहावी म्हणून, साहेब!"

०००

हा प्रसंग बाबा अजूनही आवाज खाली आणून सांगतात. शुक्रवार, हाउसफुल्ल. नायक पडद्यावर आला आणि शिट्ट्यांचा असा कल्लोळ उठला, की केबिनमध्ये घंटी ऐकूच आली नाही. पडदा पांढरा! खालून आरोळ्या, खुर्च्यांची आदळआपट. मालक दोन-दोन पायऱ्या ओलांडत केबिनमध्ये शिरले, तोवर चित्र परत आलं होतं.

"काय झालं, नामदेव?"

"पब्लिक लय खुश हाय, साहेब. पांढऱ्या पडद्यावरबी शिट्ट्या मारून राहिली!"

मालक हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घंटीची वायर कापून टाकली आणि म्हणाले, "येत्या शुक्रवारी पहिला शो मी केबिनमध्ये बसून पाहणार."

०००

तो शुक्रवार. सिनेमा नवा, वाक्य एकही पाठ नाही. मालकांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. आत दोघंच. बाबा बुकिंगची खिडकी बंद करून बाल्कनीत कमलाबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"आता भाऊचं कसं होईन?" कमलाबाईंनी विचारलं.

पहिलं रीळ संपत आलं. ठिपका चमकला. कमलाबाईंचा अंगठा सवयीने मुक्या बटणावर दाबला गेला. दुसरा ठिपका. बाबांनी डोळे मिटून घेतले.

चित्र पुढे चाललं होतं.

त्यानंतरचं रीळही तसंच. त्यानंतरचंही. शो संपेपर्यंत पडदा एकदाही पांढरा झाला नाही.

मालक खाली आले. बाबा आणि कमलाबाई, दोघांसमोर म्हणाले, "माणूस पक्का आहे. मी तर खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही." टॉकीज बंद होईपर्यंत नामदेवरावांच्या जागेवर दुसरा कोणी बसला नाही.

गेल्या महिन्यात मी नामदेवरावांना सरळच विचारलं, "काका, त्या दिवशी ठिपका कसा ओळखलात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "रिळं चढवली मीच, पोरी. पण बदलाच्या टायमाले मशिनले हात नाही लावला. एकदाबी नाही! नोकरी गेली म्हणून भिंतीले टेकून उभा होतो. अन् पिक्चर चालूच!"

मालक आता हयात नाहीत. त्यांना मशीन चालवता येत होती का, हे तिघांपैकी कोणालाच ठाऊक नाही.