वास गेल्यावरची आयपीए

पुण्याच्या एका छोट्या ब्रूअरीत मी बिअर बनवायचो. टाकीतून ग्लासात थोडी काढायची, नाकाशी न्यायची, मग जिभेवर घोळवायची, हे माझं रोजचं काम. साथीचा ताप येऊन गेला, अंगात जरा ताकद आली तसा मी कामावर परतलो आणि आजारी पडण्याआधी स्वतः लावलेल्या आयपीएचा ग्लास नाकाशी धरला. काहीच नाही. पाणी हुंगावं तसं. घोट घेतला तर जिभेच्या मुळाशी कडू लागलं, तेवढंच.

आयपीए म्हणजे कडू बिअर असं लोक समजतात. ते अर्धंच खरं आहे. तिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची वाळवलेली फुलं साध्या बिअरपेक्षा कितीतरी जास्त पडतात. ती तळहातावर चोळली की संत्र्याची साल सोलल्यासारखा वास सुटतो, मग देठाशी तुटलेल्या कैरीच्या चिकाचा, आणि मागून राळेचा. चांगल्या आयपीएत हे सगळं घोट घ्यायच्या आधीच नाकात भरतं. मग मोड आणून भाजलेल्या सातूचा खरपूस गोडवा लागतो. तो ओसरत असताना घशाशी कडू चढतं आणि बराच वेळ रेंगाळतं. वासाच्या सोबतीनं ते कडू हवंसं वाटतं. वास काढून घेतला तर उरतो तो काढा.

मालक भला माणूस होता. "गावी जा, आराम कर, नाक आलं की ये," म्हणाला. त्याच टाकीतल्या आयपीएच्या दोन बाटल्या पिशवीत कपड्यांत गुंडाळून मी लातूरला आक्काकडे आलो.

आक्काशिवाय मला हक्काचं कोणी नव्हतं. भूकंपात आमचं गाव झोपेतच ढासळलं. आई, वडील आणि धाकटी बहीण दगडमातीच्या भिंतींखाली गेली. मी पहिलीत होतो, आक्का लुगडं नेसण्याच्या वयाची झाली नव्हती. मामा आम्हाला नांदेडला घेऊन गेले. पुढे आक्काचं लग्न लातूरला झालं. शहरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, बाहेरगावची पोरं लोटली, तेव्हा तिनं आणि दाजींनी मेस सुरू केली आणि मलाही अकरावीला बोलावून घेतलं. मी मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोनदा जागा हुकली. रसायनशास्त्र मात्र आवडलं होतं. त्याच वाटेनं मी बिअरपर्यंत पोचलो. आमच्या लिंगायत घरात अंड्याचंही नाव निघत नाही. दाजी कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

आता त्याच मेसच्या स्वयंपाकघरात मी बसून राहायचो. मोठ्या कढईत फोडणी पडायची, पोरं ठसकायची, आणि मला भिंतीसारखं कोरं. एकदा आक्का मागं कपडे वाळत घालत होती. ओरडतच आत आली, शेगडी बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या. वारं लागून जाळ विझला होता, गॅस तसाच सुटत होता आणि मी शेगडीशेजारी बसून मटार सोलत होतो.

"मरायचं हाय का तुला?"

मला खरंच कळलं नव्हतं. पण तिनं विचारल्यावर 'नाही' म्हणायलाही मला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ती मला नांदेडला घेऊन गेली, मामांच्या ओळखीच्या नाकाच्या डॉक्टरकडे. त्यांनी लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब अशा चार कुप्या रोज हुंगायला सांगितल्या. "परत येईल?" मी विचारलं. "काहींचं येतं. काहींचं वेगळंच होऊन येतं. तुमचं काय होईल ते मला सांगता येणार नाही," ते म्हणाले.

मग एका दुपारी पोरं क्लासला गेलेली, दाजी बाजारात. मी एक बाटली उघडली आणि ग्लास आक्कापुढं केला.

"आक्का, हुंगून सांग."

"दारू हाय का ही?"

"हाव. मीच केलेली. चांगली झालीय का वाईट, ते मला कळंना."

तिनं देवघराचा पडदा ओढून घेतला, मग ग्लास नाकाजवळ नेला. "संत्र्याची साल," ती म्हणाली. "सोलताना डोळ्यात उडतंय बघ, तसं. आन् कैरीचा चीक. झाडाखाली उभं ऱ्हायल्यावानी."

"एक घोट घे. पाया पडतो तुझ्या."

तिनं घेतला, तोंड वाकडं केलं, मोरीत थुंकली. "आधी बरं लागतंय, मागून कडू. लई कडू रे! जातच न्हाई."

म्हणजे जमली होती. मी आजवर केलेली सगळ्यात चांगली आयपीए. मी हसलो, आणि हसता हसता रडायलाच लागलो.

त्या भरात मी येसराचा डबा मागितला. आईनं कालवणासाठी धान्यं आणि मसाले भाजून, दळून ठेवलेलं येसर, घट्ट झाकणाच्या डब्यातलं, ढिगाऱ्यातून शाबूत निघालं होतं. लातूरला आलो की मी तो डबा उघडून हुंगायचो. मला वाटलं, दुसरं काही नाही तरी तो वास लागेल. आक्का जागची हलेना.

"त्यात आईचं काही न्हाई," ती म्हणाली. "तू अकरावीला आलास तवाच त्याचा वास गेला होता. मीच दरसाल नवं भरीत आले."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"डबा उघडला की तुझं तोंड कसं व्हायचं, ते मी बघत होते. काय सांगू तुला?"

मी उठलो आणि दुसरी बाटली मोरीत ओतली. फेस वर आला, हळूहळू बसला. आक्कानं वरून तांब्याभर पाणी टाकलं. त्या दिवशी कालवण झालंच नाही, पोरांना वरण-भातावर भागवावं लागलं.

बऱ्याच महिन्यांनी वास परतला, पण वेडावाकडा. लिंबू जळक्या रबरासारखं, लवंग ओल्या राखेसारखी. एवढ्यावरही आशा धरून मी पुण्याला गेलो. माझ्या जागी आता एक तरुण बाई काम करत होती. तिनं नव्या आयपीएचा ग्लास दिला. वर सडक्या कांद्याचा भपकारा आला. मी श्वास रोखून घोट घेतला. खाली कडू होतं, स्वच्छ, जिथं असायला हवं तिथं.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"कडू बरोबर आहे," मी म्हणालो. "वरचं मला कळत नाही. तुम्हाला काय लागतंय?"

ती सांगायला लागली. पपनस म्हणाली, ओलं गवत म्हणाली. मी मान हलवत राहिलो. मग आत जाऊन मालकाला, मी आता परत येत नाही, असं सांगितलं आणि संध्याकाळची लातूरची गाडी धरली.