आत्याच्या हातचा पेला

दवाखान्यात मी फरशी पुसते, काय काय उचलावं लागतं ते विचारू नका. पण खरी किळस आली ती तिथल्या भिंतीवरच्या चित्राची. आमच्याच लोकांसारखी दिसणारी एक बाई, केस पिंजारलेले, पोट पुढे आलेलं, हातात बाटली. चित्र घेऊन आलेला साहेब तिच्या पोटावर काठीने टकटक करत आमच्या गरोदर बायकांना म्हणाला, "असं वागायचं नाही. कोणी दारू दिली तर नाही म्हणायचं. सोपं आहे." बायका उठून चालत्या झाल्या. त्यात पोटुशी असलेली माझी वहिनी सगळ्यांच्या पुढे.

सोपं म्हणे. त्याला काय कळतंय डोंबल. आमच्यात मोठ्यांनी दिलेला पेला धाकट्यांनी परत करायचा नसतो. आणि वस्तीची दारू गाळते माझी आत्या, घरात सगळ्यांत मोठी. सुईणही तीच. दर वेळी पहिली धार पोटुशीला, अंगात ताकद यावी म्हणून. वहिनी मुकाट्याने पेला संपवायची आणि मागच्या दाराशी जाऊन ओकायची. ते मी राख टाकून उचलायचे, आणि माझा भाऊ आत बसून दुसरा पेला मागायचा. त्या घराचीच मला शिसारी आली होती.

शेवटी एकदा आत्या भांडी घासत असताना मी तोंड उघडलं. "नर्सताई सांगते, थोडीसुद्धा चालत नाही. आईने घेतली की बाळापर्यंत जाते. त्याचा मेंदू घडत असतो."

"तुझ्या आईने माझ्याच हातची घेतली होती. तुला काय झालं?"

"माझं नशीब. काकाच्या एवढ्या मोठ्या मुलीला अजून स्वतःची बटणं लावता येत नाहीत. ते कशाने झालं, कोणी विचारलं का? वहिनी तुला नको म्हणू शकत नाही, आत्या. आणि पोटातलं तर तिच्याहून धाकटं."

आत्याचा हात थांबला. मग घासलेलंच भांडं ती पुन्हा घासायला लागली.

पुढच्या वेळी दारू गाळली तेव्हा सगळे अंगणात जमले होते. आत्याने पहिली धार पेल्यात घेतली, उठली आणि मोरीत ओतून आली. मग माठातलं पाणी भरून पेला वहिनीपुढे धरला. "पोटुशीला यापुढे हेच. अंगावर पाजणारीलाही हेच."

वहिनी घटाघटा प्यायली.

काका खेकसला, "पाणी देतेस? घराची लाज घालवलीस."

काका आत्याच्या पाठचा. तिने दुसरा पेलाही पाण्यानेच भरला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि पेला रिकामा केला. मला त्याच्याकडे बघवेना.

शेजारी त्याची मुलगी झग्याच्या बटणांशी झटत होती. आत्या तिच्यासमोर बसली आणि एकेक बटण लावायला लागली. ही मुलगी पोटात असताना तिच्या आईलाही पहिली धार आत्यानेच दिली होती.