चंचीतलं तिखट

अणदूरच्या शिवारात बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा मजुरांची सोय चांगली केली होती. सावलीला तंबू होता, तो मुकादमाला. बसायला खाट होती, तीही मुकादमालाच. मजुरांना, म्हणजे बहुतेक बायांना, माती होती आणि ती वाहायला पाट्या होत्या. मुकादम हिंमतराव हा सोसायटीच्या चेअरमनचा मेहुणा. एवढी लायकी असल्यावर दुसरी कुणी विचारली नाही, आणि ते बरंच झालं, कारण दुसरी त्याच्याजवळ नव्हती.

हजेरी त्याच्या हातात. हजेरी मांडायला बाईचं नाव पुरतं, पण दंडाला धरल्याशिवाय ह्याला नाव ऐकू येत नसे. बाया अंग चोरून, जोडीजोडीनं तंबूत जायच्या. घरी सांगायची सोय नव्हती. घरच्यांनी मुकादमाला जाब विचारला नसता, बाईचंच काम बंद केलं असतं, आणि त्या साली काम बंद म्हणजे चूल बंद.

बुद्धवाड्यातली कडूबाई तेवढी एकटी आत जाई आणि तशीच बाहेर येई. तिच्या कमरेला चंची होती. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात तंबाखू-चुना आणि तिसऱ्यात घरी कांडलेलं लाल तिखट. पहिल्याच दिवशी तिनं तो कप्पा हिंमतरावासमोर उघडला होता.

"मुकादम, हे खायाचं न्हाय बरं का. डोळ्यात घालायचं हाय. कुणाच्या, ते अजून ठरायचं हाय."

ही विद्या तिला फुकट मिळाली नव्हती. तरुणपणी बाजारातून परतताना एक दारुडा आडवा आला, तेव्हा तिनं मोठ्या आवेशानं पुडीतलं तिखट त्याच्या तोंडावर भिरकावलं. वारा समोरून होता. दारुडा ठणठणीत राहिला आणि कडूबाईच रस्त्यात बसून बोंबलू लागली. शेवटी त्यालाच दया आली आणि त्यानं तिला काठीचं टोक धरायला देऊन वेशीपर्यंत आणून सोडलं.

तेव्हापासून ती बायांना शिकवी, "आधी वारा बघा. वाऱ्याकडं पाठ करा, मग डोळ्यांवर नेम धरून मारा. आन मारलं की गंमत बघत उभं ऱ्हाऊ नका, पळा. तिखटानं माणूस मरत न्हाय, घडीभर आंधळा हुतो. तेवढ्या घडीत आपुन गाव गाठायचं."

बाया माना डोलवायच्या, पण भाकरीची वेळ झाली की सगळ्यांची नजर चंचीवर. भाकरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची, घशाखाली उतरायला तयार नाही. कामावर सुकडी मिळे, ती गोड. जिभेला झणका म्हणून कसला नव्हता. एकीनं भीतभीत चिमूट मागितली, मग दुसरीनं. एरवी गावातल्या बायांना कडूबाईच्या हातचं पाणी चालत नसे. तिखट चाललं. कोरड्या जिनसाला विटाळ नसतो, असं कुणीतरी शास्त्र काढलं. भूक लागली की शास्त्रालाही वाट फुटते. कडूबाईनं वरून सोडायचं आणि त्यांनी पदरात झेलायचं, एवढा धर्म मात्र पाळला.

एकदा हिंमतरावानंही "बघू तरी तुझी तोफ" म्हणत चिमूट मटणावर घेतली. विटाळ तो पाण्यापुरताच पाळायचा. मग दुपारभर धोतराच्या सोग्यानं नाक पुसत बसला.

एक दिवस भर दुपारी त्यानं कमलबाईला हाक मारली. कमलबाई गावातली तरणी सून, नवरा पोट भरायला सोलापूरला गेलेला.

"तुझ्या हजेरीत घोळ हाय. एकटीच ये. न्हाईतर उद्यापासनं येऊ नको."

कमलबाईचं तोंड उतरलं. "कडे, तू येती का गं?" एवढंच ती म्हणाली. कडूबाई पाटी टाकून उठली.

तंबूच्या दाराशीच हिंमतरावानं कमलबाईचं मनगट धरलं आणि तो तिला आत ओढू लागला. कडूबाईनं सवयीनं वारा बघितला, पाठ दिली आणि चंचीत हात घातला. बोटांना नुसतं कापड लागलं. शेवटची चिमूट घटकेपूर्वी खाल्ली होती, तीही कमलबाईनंच. कडूबाई पोरीला घेऊन आली होती आणि हातात काही नव्हतं. कामावरच्या एवढ्या बायांनी मिळून शस्त्र भाकरीबरोबर संपवलं होतं.

पण मूठ बाहेर आली ती वळूनच आली.

"सोड तिला," ती म्हणाली आणि हात मागं नेला.

हिंमतरावाला मटणाची ती दुपार आठवली असावी. त्यानं मनगट सोडलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मागं सरताना खांबावर असा आदळला की अख्खा तंबू त्याच्या अंगावर बसला. "डोळं गेलं! मेलो! पाणी आणा!" कापडाखालून ओरड सुरू झाली.

बाया धावत आल्या. रांजणात पाणी होतं. पण तसल्या दुष्काळात मुकादमाच्या डोळ्यांवर पाणी कुणी नासायचं, यावर कुणाचंच एकमत होईना.

पुढं चौकशीला ओव्हरसियर आला. त्यानं हिंमतरावाचे डोळे पाहिले, स्वच्छ. चंची झटकून पाहिली, रिकामी. मग रिकाम्या हाताला मुकादम एवढा का भ्याला, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर कामावरच्या सगळ्या बायांनी एकदमच दिलं. साहेबानं न्याय केला. हिंमतरावाची बदली झाली, माकणीकडच्या कामावर. तिथं काम मोठं होतं, म्हणजे बायाही जास्त. गावातली माणसं म्हणाली, चला, आपल्या गावाची पीडा गेली.

बदली झाली त्याच संध्याकाळी कमलबाई बुद्धवाड्यात आली. तिच्या पदरात बियाणाला म्हणून जपून ठेवलेल्या मिरच्या होत्या. तिनं त्या वरून टाकल्या नाहीत, कडूबाईचा हात हातात घेऊन त्यात ठेवल्या. कडूबाईनं उखळ पुढं ओढलं आणि दोघी शिंकत, डोळे पुसत कांडत बसल्या.

"भरा मावशी तुमची चंची," तिखट चाळून झाल्यावर कमलबाई म्हणाली.

"माझी कशाला आता?" कडूबाईनं तिखट फडक्यात बांधून गाठ मारली. "माझी भईन केशरबाई माकणीच्या कामावर हाय. एष्टीनं जाणारं कुणी बघ, आन त्येच्या हाती हे धाड." गाठ पुन्हा आवळत ती म्हणाली, "आन निरोप सांग म्हणावं, खाऊ नका."