सुकेळ्यांच्या मांडवात इंग्रज चोर

आमच्या वाडीत सुकेळ्यांचं काम सुरू झालं की एक रीत पाळली जाई. राजेळी केळी सोलून मांडवावर वाळत घालायला जो कोणी येई, त्याने पहिल्या दिवशी कामाला हात लावण्याआधी मालकाच्या हातून केळी घेऊन पोटभर खायची. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणत, "पोट भरलं की हात सरळ चालतो." मग दिवसभर कोणी किती केळी तोंडात टाकली याकडे ते बघतही नसत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याचं श्रेय आईवडिलांना आहेच, पण तितकंच आमच्या वाडीत राबणाऱ्या मावशीलाही आहे. ती नात्याची नव्हती. कामणकडच्या एका खेड्यातून नवरा वारल्यावर लहान मुलाला घेऊन आली आणि वाडीच्या कडेला झोपडी बांधून राहिली. सकाळी पानवेलींना पाणी घालायचं काम माझ्याकडे असे. शाळेची वेळ झाली की मावशी माझ्या हातातला पोहरा काढून घेई आणि म्हणे, "जा पोरा, घंटा होईल."

तिच्या त्या मुलानेच पुढे, मिसरूड फुटलेल्या वयात, आमच्या विहिरीवरचा तांब्याचा हंडा चोरला आणि विरारच्या बाजारात विकला. आबांनी पोलिसांत वर्दी दिली. त्याला सजा झाली, ठाण्याच्या तुरुंगात नेलं. मावशी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामाला आली. तेव्हापासून आमच्या घरात हंड्याचं नाव कोणी काढलं नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. नाताळच्या सुट्टीत मी घरी आलो, तेव्हा मावशीने मला विहिरीपाशी गाठलं.

"पोरा, माझा सुटतोय. आबांना विचार ना, वाडीत घेतील का त्याला? नायतर तो मुंबईत कुठं तरी जाईल, नि मंग माझा राहनार नाय."

"तूच विचार ना, मावशी."

"मी कोन्त्या तोंडाने विचारू? तू शिकलास, तुला बोलता येतं."

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मी बोलत असे हे खरं. पण आबांपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटे. दोन वेळा त्यांच्याजवळ गेलो आणि हवापाण्याचं बोलून परत आलो.

दुपारी मांडवाच्या सावलीत केळी सोलणं चाललं होतं. आई आणि मावशी सोलत होत्या. आबा आमच्याकडे पाठ करून केळीच्या खोडाची वाळलेली सोपटं निवडत होते. संध्याकाळी सुकेळी त्यांत गुंडाळून ठेवायची असत. मी कॉलेजातून आणलेलं इंग्रजी पुस्तक वाचत बसलो होतो.

"एवढं काय आहे रे त्यात?" आईने विचारलं.

"एका इंग्रज पोराची हकिगत. त्याने दुकानातून कापड चोरलं, म्हणून त्याला जहाजात घालून सात वर्षं ऑस्ट्रेलियाला धाडलं."

"विंग्रजांत पन चोर?" मावशी म्हणाली.

"मग आपल्याला काय साधूंनी लुटलं?" आई म्हणाली. आबांची पाठ हसल्यासारखी हलली. आई पुढे म्हणाली, "आणि गोऱ्यांनाही काळं पाणी? बरं झालं. वाच, वाच."

मी वाचत वाचत मराठीत सांगू लागलो. पायात बेड्या, जहाजाच्या पोटात अंधार, महिनोन्‌महिने पाणीच पाणी. तिकडे पोहोचल्यावर एका मळेवाल्याकडे बिगारीचं काम, उलट बोललं की फटके. हळूहळू तो मेंढरांची लोकर कातरायला शिकला. मालकाचा त्याच्यावर विश्वास बसला.

"मग सजा संपल्यावर?" हे आबांनी विचारलं. पाठ तशीच होती.

"तिथेच थोडी जमीन मिळाली. शेती केली, लग्न केलं. लोक मान देऊ लागले."

"नि आईकडं कवा गेला?" मावशीने विचारलं.

"गेला नाही. परतीचं जहाज त्याला परवडलं नाही. पुन्हा भेट झाली नाही त्यांची."

मावशीचे हात थांबले. अर्धं सोललेलं केळं तिने मांडीवर ठेवलं.

"तिकडं त्याला कोनी वळखत नव्हतं," ती म्हणाली. "म्हून त्याला नवा मानूस होता आलं. हितं तर समदी वळखतात."

मग आईने विचारलं, "आणि ते कापड? ते मिळालं का दुकानदाराला?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे नाहीच मिळालं," आई म्हणाली. "आपला हंडाही नाही मिळाला."

इतक्या दिवसांनी तो शब्द घरात उच्चारला गेला होता. मी मान वर केली नाही. आबांनी हातातलं सोपट खाली ठेवलं.

"कधी सुटतोय?"

"मंगळवारी," मावशी म्हणाली.

"मग मंगळवारपर्यंत सगळी केळी सोलून संपवू नका," आबा म्हणाले आणि पुन्हा सोपटं निवडू लागले.

मंगळवारी मावशीचा मुलगा आला तो कुंपणाबाहेरच उभा राहिला. केस बारीक कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली. आबा मांडवातून पिकल्या राजेळ्यांची फणी घेऊन गेले.

"आत ये. आधी खा."

त्याने एक केळं खाल्लं आणि हात आखडला.

"रीत ठाऊक आहे ना? पोटभर."

दुसरं, तिसरं, मग तो मोजायचं विसरला. आई बघत होती. "काय रे, ठाण्याला खायला घालत नव्हते की काय?"

त्याला केळ्याचा घास घेता घेताच हसू फुटलं आणि ठसका लागला. मावशीने त्याच्या पाठीवर जोरात थापटलं, थापटतच राहिली. "हळू गिळ मेल्या," ती म्हणत होती, "आता कोन काढून घेतंय!"

मी विहिरीवर जाऊन तोंडावर पाणी मारलं. पुढे बी.ए.चा निकाल लागला, तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नाही. परत आलो तेव्हा तो आबांच्या शेजारी बसून सुकेळी सोपटात बांधायला शिकत होता. गाठ सैल पडली म्हणून बोलणी खात होता.

सुट्टी संपल्यावर मी पुस्तक परत केलं. मावशी मात्र पुढे कितीतरी दिवस, मी घरी आलो की मुलाच्या ताटात भाकरी वाढता वाढता मला विचारी, "ती विंग्रजाची म्हातारी मंग एकलीच राहिली का रे?"